निळी हंडी आणि कापलेला पाय

१. कुलपाच्या आत

निळी हंडी फुटली हे सगळ्यांत आधी उस्तादाला कळलं. ती कुणी फोडली, हे मात्र सगळ्यांत शेवटी.

त्या कारखान्यात दोन भट्ट्या होत्या. थोरलीत काच वितळायची. फुंकून घडवलेली वस्तू मग धाकटीत ठेवून हळूहळू निववायची. घाईने बाहेर काढली की काच रुसते, आणि रुसलेली काच तडकल्याशिवाय राहत नाही. नाटकगृहाच्या दिव्यासाठी केलेली भली थोरली निळी हंडी उस्तादाने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातांनी धाकटीतून काढून, लोकरीच्या घडीवर, दगडी ओट्यावर ठेवली होती. मग खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली होती.

सकाळी कुलूप काढलं तर ओट्यावर नुसता हंडीचा बुडखा, बाकी सगळा निळा चुरा जमिनीवर. उस्ताद चुऱ्यातून ओट्यापर्यंत गेला, तसाच परत फिरला आणि अंगणातल्या नळापाशी येऊन असा काही ओरडला, की समोरच्या न्हाव्याने म्हणे गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. मिशीबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ओरडल्याबद्दल सांगू शकतो.

माणसं धावत आली. माणसं म्हणजे काय, तिघंच. काचेच्या कडा घासणारा म्हातारडा, त्याला सगळे घाशा म्हणत. काचेवर नक्षी रंगवणारी सूनबाई, तिच्या कडेवर पाय बांधलेली लेक चिमी. आणि उस्तादाचा मुलगा. त्याला सगळे ‘आईगं’ म्हणत. का, ते पुढे येईलच.

घाशा दारातच थबकला. “उस्ताद, खाली बघा. रक्त.”

फरशीवर लाल डाग होते. ओट्यापासून दारापर्यंत, दारातून नळापर्यंत. एकाच पावलाचे, डाव्या.

“खिडकीतून आला,” उस्ताद म्हणाला. “हंडी फोडली, काचेवर पाय दिला आणि पळाला.”

“आला खिडकीतून, मान्य,” घाशा म्हणाला. “पण डाग दाराकडे जातायत. दाराला बाहेरून तुमचं कुलूप. मग गेला कसा? फटीतून वाहत?”

“ते शोधायला मी समर्थ आहे.” उस्तादाने तिघांवर नजर फिरवली. “ऐका. ज्याचा पाय कापलेला निघेल, तो पुन्हा या भट्टीसमोर उभा राहणार नाही. मग तो माझ्या पोटचा का असेना. आणि उन्हं उतरायच्या आत तो पाय सापडला नाही, तर तिघंही बाहेर.”

उस्तादाचा शब्द म्हणजे निवलेली काच. मोडली तर मोडेल, पण वाकायची नाही. घाशाने हळूच आपल्या सपातांकडे बघून घेतलं. कारखान्यात सगळेच कापडी सपाता घालत. निष्पाप माणसालाही अशा वेळी आपलेच पाय परके वाटतात.

२. मासा आणि पाणी

तपास सुरू करण्याआधी तपास करणारा कोण होता ते सांगतो, म्हणजे लोक त्याला ‘अहोजाहो’ का करायचे ते कळेल.

उस्तादाने एकदा फुंकणीत दोन फुंकरा मारायच्या मध्ये स्वतःची दाढ चिमट्याने उपटली होती. दुसरी फुंकर चुकली नाही. स्वतःच्या लग्नात तो मोडक्या नडगीवर नाचला होता. दुसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, “अहो, तुमचं पाऊल भलतीकडेच बघतंय.” एकदा त्याच्या सपातेत निखारा पडला. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावले, आणि हा विचारतो, “कसला धूर? कुणाकडे?” तुम्ही म्हणाल थापा आहेत. गावोगावचे काचवालेही तेच म्हणायचे, आणि मग येऊन त्याचे हात बघून जायचे. धीर म्हणजे काय ते लोक या माणसाकडून शिकत. तो शिकवायचाही, जरा जास्तच.

तर, कचेरीच्या खोलीत टेबलामागे बसून त्याने आधी घाशाला बोलावलं.

“नदीपलीकडच्या कारखान्याने तुला बोलावणं पाठवलंय म्हणे.”

“पाठवलंय. तिथला मालक चहा गरम असताना देतो.”

“मग जाता जाता माझी हंडी फोडून जायचं ठरवलंस?”

“उस्ताद, मला फोडायचीच असती तर नाटकगृहात टांगल्यावर फोडली असती, भर प्रयोगात. बंद खोलीत फोडण्यात काय गंमत?” घाशाने न सांगताच सपाता काढून दोन्ही तळवे वर केले. तळव्यांवर मळ होता, भरपूर. जखम नव्हती. “आता मी एक विचारू? धाकटीच्या खोलीत लोकर जळल्याचा वास कसला येतोय?”

“कसला वास?”

“येत नाही तुम्हाला? सूनबाईंनी तर नाकाला पदर लावला.”

“मी माणसाचा माग काढतोय. वासाचा माग कुत्री काढतात. जा.”

घाशा गेला. जाता जाता पुटपुटला ते उस्तादाला ऐकू आलं नाही, आणि मला आलं तरी मी सांगणार नाही.

३. आईगं

मुलगा आत आला, आणि उभाच राहिला. बापासमोर बसायची त्याला सवय नव्हती.

पोरवयात तो पहिल्यांदा थोरल्या भट्टीसमोर उभा राहिला, तेव्हा तापलेल्या फुंकणीला त्याचा हात लागला होता. “आई गं!” तो जिवाच्या आकांताने ओरडला, फुंकणी सोडली, काच गेली. बाप हसला. बाप हसला म्हणून कारखाना हसला. “ऐका रे, माझा वाघ कसा डरकाळ्या फोडतो!” त्या दिवसापासून त्याचं नाव आईगं. पुढे भट्टीवरून त्याची रवानगी मागच्या खोलीत झाली, जिथे तयार काच पेंढ्यात बांधून खोक्यांत भरतात. अधूनमधून एखादी सुरई, एखादा गडू धाकटीतून निघाल्यावर तडकायचा. मग उस्ताद सगळ्यांदेखत म्हणायचा, “आईगं इथून गेला असणार. काच भित्र्याला ओळखते.” मुलाने एकदा हौसेने तापमापक आणून धाकटीजवळ खिळ्याला लावला होता. बाप त्यावर टोपी अडकवायचा. “माझा तळवा आहे ना!”

“खोलीत गेला होतास?” उस्तादाने विचारलं.

“किल्ली तुमच्या कमरेला असते, आबा.”

“पाय दाखव.”

दोन्ही तळवे स्वच्छ. उस्तादाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

मुलगा गेला नाही. “आबा, काल हंडी काढताना हात लावून बघितली होती ना?”

“नाही तर काय नाकाने बघणार? कोमट होती.”

“तुमच्या तळव्याला फोड आलाय.”

“भट्टीवाल्याच्या तळव्याला फोड नाही तर काय फुलं येणार?”

मुलगा त्या हाताकडे बघतच राहिला. काहीतरी बोलायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं, आणि त्याने ते गिळलं. “आबा, नको हा तपास. हंडी काय, पुन्हा होईल.”

“वा! चोरच म्हणतो तपास नको!”

मुलगा मान खाली घालून निघून गेला. उस्तादाने रागाने खुर्ची मागे सारली, आणि त्याचं लक्ष टेबलाखाली गेलं.

तिथे लाल डाग होता. बोट लावलं. ओला!

सकाळचे डाग केव्हाच वाळले होते. म्हणजे कापलेल्या पायाचा माणूस आत्ता, त्याच्या नाकाखाली, त्याच्याच टेबलाखाली येऊन गेला होता.

४. गोळी

राहिली सूनबाई. आणि उस्तादाला आठवलं: कडेवरच्या चिमीचा पाय बांधलेला आहे!

तो तडक नक्षीच्या खोलीत गेला. “मुरगळलाय म्हणालीस. मग एवढं प्लास्टर? सोड ते. काय लपवलंयस त्यात?”

सूनबाईने ब्रश खाली ठेवला. तिने चिमीला जवळ ओढून घेतलं.

“मुरगळला नाही, मामंजी. टाचेचं हाड मोडलंय. खोक्यांवरून उड्या मारत होती. मोडक्या टाचेवर दिवसचे दिवस पळत होती, कुणाला पत्ता नाही.”

“आणि रडली नाही?”

“नाही.”

उस्तादाची छाती फुगली. काही झालं तरी नात होती. “माझी वाघीण!” त्याने खिशातून लिमलेटची गोळी काढली. पडून न रडल्याबद्दल चिमीला आजोबांकडून गोळी मिळे. खोक्यांवरून उड्या मारायला तिला त्यानेच शिकवलं होतं.

“ती गोळी खिशात ठेवा,” सूनबाई म्हणाली.

त्या घरात उस्तादाला असं कुणी बोललं नव्हतं. त्याने गोळी खिशात ठेवली.

“डॉक्टरांनी तपासलंय. तिला दुखतच नाही. मेंदूला दुखणं कळवणाऱ्या शिरा जन्मापासून मुक्या आहेत. जिभेचा शेंडा चावून टाकला तिने, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. एखाद्या दिवशी डोळा फोडून घेईल आणि तुमच्याकडे गोळी मागायला येईल.”

“असला रोग मी ऐकला नाही.”

“फार थोड्यांना असतो. रक्तातून येतो. तिच्या बापात अर्धा आहे, माझ्यात अर्धा. आम्हाला सगळं दुखतं. पोरीत दोन्ही अर्धी एकत्र आली. मी काय परकी आहे? तुमच्याच चुलतबहिणीची मुलगी.” तिने चिमीच्या प्लास्टरवर हात ठेवला. “डॉक्टरांनी विचारलं, घरात असं आणखी कुणी आहे का? ज्याला कधी दुखलं नाही, आणि ज्याला वासही येत नाही?”

“मग? काय सांगितलंस?”

“म्हटलं, विचारून सांगते. आणि विचारायची हिंमत झाली नाही.”

उस्तादाचा चेहरा थोरल्या भट्टीसारखा झाला. “रोग? अगं, याला धीर म्हणतात! माझं आहे ते! तुम्हा रडक्यांच्या घरात एका पोरीने माझं काही घेतलं, तर तिला रोगी ठरवता?”

पाय आपटत तो बोळातून निघाला. बोळ नुकताच धुतला होता. शेवटच्या टोकाला पोचल्यावर त्याला आणखी एक झणझणीत वाक्य सुचलं, म्हणून तो वळला.

वाक्य घशातच राहिलं. ओल्या फरशीवर लाल डाग होते. डावा, डावा, डावा. नक्षीच्या खोलीपासून ते थेट चालत येत होते, आणि त्याच्या स्वतःच्या पायाखाली येऊन थांबत होते.

५. मुका तळवा

धाकटीच्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं. ओट्यावर बसला, डावी सपाता काढली. कापड आतून चिकट झालं होतं. टाचेच्या पुढच्या खोलगटात निळ्या काचेचा चांगला जाडजूड तुकडा रुतला होता. सकाळी चुऱ्यातून चालला, तेव्हा पातळ तळातून आत शिरलेला. डाग खिडकीकडून येत नव्हते, कारण खिडकीतून कुणी आलंच नव्हतं. ते दाराकडे जात होते, कारण दाराची किल्ली त्याच्याकडे होती.

त्याने तुकडा उपसून काढला. पिठाच्या गोळ्यातून बोट काढावं, तितकंच कळलं.

चोर सापडला होता. पण हंडी? ती तर त्याच्या आधीच फुटलेली होती. उस्ताद विचार करत बसला. सबंध दिवस हा पाय काचेवर चालला आणि काही बोलला नाही. मग काल संध्याकाळी हात काय म्हणाला होता? ‘कोमट.’ हाताला गरम-थंड कळत होतं, पण चटका म्हणजे काय ते त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याने लोकरीची घडी उचलली. जिथे हंडीचं बूड टेकलं होतं, तिथे तपकिरी, करपलेलं कडं उमटलं होतं. त्याने ते नाकाशी धरलं. काहीच नाही. सगळ्यांना आलेला वास त्याला आत्ताही येत नव्हता. तळव्यावरचा फोड मात्र फुटून त्याखालचं लाल दिसत होतं. हंडी भाजत होती तेव्हा त्याने ती बाहेर काढली होती, गार खोलीत, खिडकीतल्या वाऱ्यात. त्याने कुलूप लावलं आणि मागे ती तडकली. कुणी फोडायची गरजच नव्हती.

मग एकेक करून सगळ्या आठवायला लागल्या. ती लांब मानेची सुरई. दवाखान्याच्या बरण्या. बायकोसाठी केलेलं फुलपात्र. प्रत्येकीवर त्याने तळवा ठेवला होता, प्रत्येकीला ‘झाली थंड’ म्हटलं होतं, आणि प्रत्येकीच्या ठिकऱ्या मुलाच्या पदरात घातल्या होत्या.

आणि ती दाढ, ती नडगी, तो निखारा! पुरात उडी घेणाऱ्या माणसाला शाबासकी देतात. मासा पाण्यात राहिला म्हणून कोण टाळ्या वाजवतो? या माशाने जन्मभर टाळ्या घेतल्या होत्या, आणि काठावर कुडकुडणाऱ्या पोराला भित्रा म्हटलं होतं.

कोपऱ्यात फुटक्या काचेचं पिंप होतं. काच लपवायला काचेसारखी जागा नाही. तुकडा पिंपात टाकायचा, पाय धुवायचा, सपाता बदलायच्या. पायाचं सूनबाईला अजून काही कळलं नव्हतं. बोळात पाणी ओतलं की झालं. मोठ्या मनाने तिघांना माफ करायचं. लोक त्याचीही गोष्ट करून सांगतील.

लाज वाटते सांगायला, पण सांगतो: त्याने पिंपावर हात नेला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून किंकाळी आली.

“आई गं!”

६. कापलेला पाय

मुलगा पेंढ्यावर बसला होता. हातात निळ्या काचेचा तुकडा, आणि टाचेतून भळाभळा रक्त. चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळावर घामाचे थेंब, दातांखाली ओठ. सूनबाई पदर फाडून पट्टी बांधत होती. “अहो, हे काय करून घेतलंत!”

“सापडला पाय, आबा,” मुलगा कसाबसा म्हणाला. “मीच फोडली. घाशाला जाऊ द्या, त्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत. मी निघतो.”

बाहेर उन्हं उतरायला आली होती.

उस्ताद दारात उभा राहून बघत होता. हा पोरगा ठेच लागली तरी कळवळायचा. दुखणं काय असतं, ते त्याच्याइतकं त्या छपराखाली कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक असताना त्याने काच उचलली होती आणि स्वतःच्या टाचेत दाबली होती. त्या कारखान्यात आजवर घडलेली धिटाईची एकच गोष्ट होती ती. आणि ती उस्तादाने केलेली नव्हती.

“गाढवा,” उस्ताद म्हणाला. त्याचा आवाज कुणाला ओळखू आला नाही. “चोराचा पाय डावा होता. तू उजवा कापलास.”

मुलाने पायाकडे बघितलं. “घाईत झालं,” तो म्हणाला.

उस्ताद पेंढ्यात खाली बसला. डावी सपाता काढली आणि पाय सगळ्यांसमोर पसरला. मग मूठ उघडून निळा तुकडा दाखवला. मग दुसरा हात उघडून तळवा. तो सांगत गेला, एकेक करून: कुलूप, डाग, लोकर, सुरई, बरण्या. त्याला गोष्ट रंगवून सांगायची दांडगी सवय, पण ही त्याने कुणाच्याच तोंडाकडे न बघता सांगितली. कान लाल झाले होते. अंगाला दुखत नाही म्हणून मनही सुटतं असं नाही, हे त्याला त्या वेळी कळलं.

किंकाळी ऐकून धावत आलेला घाशा दाराला टेकून ऐकत होता.

“तुला माहीत होतं?” उस्तादाने मुलाला विचारलं.

“सकाळी वास आला. मग तुमचा हात बघितला.”

“मग तोंड का नाही उघडलंस? एवढी वर्षं मी तुला...”

मुलाने पट्टी घट्ट केली, कळवळला. “काय बोलणार, आबा? त्या हाताशिवाय तुमच्याकडे होतं काय?”

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उस्तादाने परतवला असता.

त्याने कमरेची किल्ली सोडली आणि मुलाच्या मांडीवर ठेवली. “ज्याचा डावा पाय कापलेला, तो भट्टीसमोर उभा राहणार नाही. शब्द दिलाय. मी इथे पेंढा बघतो.”

“अहो मामंजी, शब्दाचं काय एवढं—”

“सूनबाई, डॉक्टरांना काय सांगायचं ते सांग. म्हणावं, आहे घरात एक. त्याला वासही येत नाही.”

घाशाने खाकरून घसा साफ केला. “म्हणजे आता शिव्या मागच्या खोलीतून येणार. येऊ देत. जरा लांबून तरी येतील.” कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना श्वास घेता आला.

त्यानंतर उस्ताद भट्टीसमोर गेला नाही. लांबलांबचे काचवाले त्याचे हात बघायला येत, तेव्हा तो ते पेंढ्यात खुपसून ठेवी. संध्याकाळी काम आटोपलं की तो आणि चिमी समोरासमोर बसत आणि एकमेकांचे तळवे, टाचा, कोपरं निरखून बघत, म्हातारे पेपर वाचतात तसे, एक ओळ न सोडता. काही सापडलं की ज्याला सापडलं त्याला गोळी. चिमीच नेहमी जिंकायची.

“आजोबा, इथे कुसळ आहे, रक्तपण आलंय. म्हणा आता.”

“नंतर म्हणतो.”

“आत्ता म्हणायचं. रक्त दिसलं की म्हणायचं, आईने सांगितलंय.”

उस्तादाने दाराकडे बघितलं. घाशा ऐकत नाही ना, याची खात्री केली. “आईगं,” तो पुटपुटला. दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं त्याला वाटलं.

“असं नाही. घाशाकाका रागावल्यासारखं झालं. पप्पा म्हणतात तसं म्हणा.”

“ते मला यायचं नाही गं.”

पलीकडे नवी निळी हंडी धाकटीत होती. मुलगा रोज तापमापक बघायचा, आणि खात्रीसाठी म्हणून बोटाचं टोकही टेकवायचा. त्याने दार उघडल्याचा आवाज आला. उस्तादाचे हात पेंढ्यातच थांबले. त्याने मान खाली घातली आणि कान दिला.

“आईगं!”

“अजून गरम आहे गं,” उस्ताद नातीला म्हणाला. “राहू दे आत.”